क्लोंडाइकचे सोने कोणाला मिळाले?

१७ जुलै १८९७ च्या सकाळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिअ‍ॅटल बंदरात ‘पोर्टलंड’ नावाची आगबोट धक्क्याला लागली. तिच्यातून उतरलेले उतारू दिसायला अगदी भणंग होते. दाढ्या वाढलेल्या, चेहरे रापलेले, कपड्यांना ठिगळे. पण त्यांच्या जवळच्या कातडी पिशव्या, वळकट्या आणि डबे विलक्षण जड होते. त्यांत सोने होते! कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात, युकॉन नदीला मिळणाऱ्या क्लोंडाइक नावाच्या नदीच्या खोऱ्यातून ते आले होते. बोटीवर टनभर सोने आल्याची बातमी वर्तमानपत्राने छापली. खरे म्हणजे ते दोन टनांहून अधिक होते.

१८९३ पासून अमेरिकेत मोठी मंदी होती. बँका बुडाल्या होत्या, कारखाने बंद पडले होते. अशा वेळी ही बातमी आली. मग काय विचारता! ट्रामच्या कंडक्टरांनी ट्रामा सोडल्या, दुकानदारांनी दुकाने विकली, आणि खुद्द सिअ‍ॅटलच्या नगराध्यक्षाने राजीनामा देऊन उत्तरेची वाट धरली. पुढच्या काही महिन्यांत सुमारे एक लाख माणसे क्लोंडाइकसाठी घराबाहेर पडली असा अंदाज आहे. त्यांतील तीस-चाळीस हजार तेथवर पोहोचली. चारेक हजारांना थोडेफार सोने दिसले. श्रीमंत झालेली माणसे मोजायची तर काही शेच भरतील.

‘ज्याचे त्याचे नशीब’ असे म्हणून आपण हा हिशेब मिटवून टाकू शकतो. परंतु थोडे खोलात गेले तर असे दिसते की, यांतील बहुतेकांची निराशा ते घरून निघण्यापूर्वीच ठरून गेली होती. ती ठरवली सोन्याच्या वजनाने, बर्फाने आणि साध्या गुणाकाराने. ते कसे, ते पाहू.

सोने ओढ्यात येते कसे?

क्लोंडाइकचे सोने मुळात डोंगरांतील गारगोटीच्या शिरांमध्ये होते. ऊन, थंडी, पाऊस यांनी लक्षावधी वर्षांत हे खडक झिजले, फुटले आणि त्यांचा चुरा ओढ्यांत वाहत आला. गारगोटीच्या एक घनसेंटिमीटर तुकड्याचे वजन सुमारे २.६५ ग्रॅम असते. तेवढ्याच शुद्ध सोन्याचे वजन १९.३ ग्रॅम! म्हणजे सोने गारगोटीच्या सातपट जड. पण पाण्यात बुडाल्यावर प्रत्येक वस्तू आपल्या आकारमानाच्या पाण्याइतके वजन गमावते, हा आर्किमिडीजचा नियम तुम्हांला ठाऊक आहे. दोन्ही आकड्यांतून एक-एक वजा करा. उरले १.६५ आणि १८.३. आता सोने अकरापट जड झाले. वाहत्या पाण्यात वाळू पुढे निघून जाते आणि सोन्याचा कण मात्र तळाशी बसतो, त्याचे कारण हे.

याचा अनुभव घरी घेता येईल. पसरट थाळीत दोन मुठी वाळू घ्या. सायकलच्या दुकानातून बारीक छर्रे आणून त्यांतील पाच-सहा वाळूत मिसळा. थाळी पाण्यात धरून गोल गोल हलवा आणि कडेवरून थोडी थोडी वाळू वाहून जाऊ द्या. शेवटी छर्रे तळाशी उरतील. क्लोंडाइकचा सोनेशोधक नेमके हेच करीत असे. आपल्याकडे सोनारांच्या दुकानांतील केरमाती धुऊन तीतून सोन्याचे कण काढणारे झारेकरी असत. त्यांचीही विद्या हीच.

आता यातली मेख पाहा. जड सोने वाळूतून, गोट्यांतून खाली खाली सरकत जाते आणि शेवटी कातळावर, त्याच्या भेगांत जाऊन अडकते. तेही सगळीकडे सारखे पसरत नाही. ओढ्याच्या वळणाच्या आतल्या अंगाला, जेथे पाण्याचा वेग कमी होतो, तेथे ते अधिक साचते. त्यामुळे सोन्याचा एक अरुंद पट्टा तयार होतो. बरे, ओढा हजारो वर्षांत आपली जागा बदलतो. आज वाहणाऱ्या पाण्याखाली हा पट्टा असेलच असे नाही. तो चार-सहा मीटर बाजूला, जुन्या पात्राखाली गाडलेला असू शकतो. इतकेच काय, काही ठिकाणी त्याहून जुने पात्र उंचावर टेकडीच्या खांद्यावर राहून गेले होते. ‘सोने जड, ते खालीच असणार’ असे म्हणून अनुभवी लोक टेकडीवर खणणाऱ्या नवख्यांना हसत. पण १८९७ मध्ये तेथेही सोने निघाले! नवख्यांच्या वाट्याला आलेल्या थोड्या यशांपैकी हे एक, आणि तेही त्यांना अनुभव नव्हता म्हणून मिळालेले.

आणखी एक गोष्ट. हिमयुगात कॅनडाचा बहुतेक भाग जाड बर्फाच्या थराखाली होता. तो बर्फ सरकताना जमीन खरवडून काढतो. क्लोंडाइकचा प्रदेश त्यातून वाचला. म्हणून तेथले सोने ओढ्यांच्या तळाशी जागच्या जागी राहिले. पण याच कारणामुळे श्रीमंत ओढे मोजकेच होते. आजूबाजूला मैलोगणती भटकून तसा दुसरा ओढा सापडेल, ही आशा फोल होती.

अकरा महिन्यांची बातमी

क्लोंडाइकच्या खोऱ्यात सोने सापडले ते ऑगस्ट १८९६ च्या मध्यास. जॉर्ज कार्मॅक हा अमेरिकन, त्याची पत्नी केट, तिचा भाऊ स्कूकम जिम आणि त्यांचा आप्त डॉसन चार्ली हे रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्याकाठी उतरले होते. कार्मॅक सोडल्यास ही सारी तेथील मूळ रहिवासी, टॅगिश जमातीची माणसे. पहिला चकाकता कण कोणाच्या नजरेस पडला याविषयी मतभेद आहेत. बरेच जण जिमचे नाव घेतात. त्या काळी युकॉनमध्ये थाळीभर वाळूतून दहा सेंटचे सोने निघाले तर जागा चांगली समजत. तेथल्या सोन्यात चांदी मिसळलेली असल्यामुळे त्याला औंसाला साधारण सोळा डॉलर येत. म्हणजे दहा सेंटचे सोने अवघे ०.१९ ग्रॅम! यांना एका थाळीत चार डॉलरचे मिळाले. या ओढ्याला पुढे बोनान्झा असे नाव पडले.

ही वार्ता युकॉनकाठच्या वस्त्यांत काही आठवड्यांतच पसरली. तेथे आधीपासून राहणारे शोधक होड्या घेऊन धावले. नियमाप्रमाणे एका माणसाला ओढ्याच्या लांबीत ५०० फुटांचा पट्टा मिळे. पहिल्या शोधकाला दोन. हिवाळा लागला तोवर बोनान्झा आणि त्याला मिळणारा एल्डोराडो हे दोन्ही ओढे खुंट्या ठोकून वाटून झाले होते.

मात्र बाहेरच्या जगाला यातले काहीच कळले नाही. युकॉन नदी ऑक्टोबरच्या सुमारास गोठते ती मे अखेरीस मोकळी होते. आगबोट येऊ-जाऊ शकत नव्हती. हिवाळाभर लोकांनी सोने खणले, उन्हाळा येताच ते धुतले, आणि पहिल्या बोटीने खाली समुद्राकडे आणले. म्हणून सिअ‍ॅटलच्या धक्क्यावर जमलेली गर्दी जे पाहत होती ते अकरा महिन्यांपूर्वीच्या घटनेचे फळ होते. आणि त्या गर्दीतील बहुतेक जण क्लोंडाइकला पोहोचले जून १८९८ मध्ये, म्हणजे शोधानंतर जवळजवळ दोन वर्षांनी.

आता तो गुणाकार. ५०० फूट म्हणजे सुमारे १५२.४ मीटर. पोहोचलेल्यांपैकी तीस हजारांनाच प्रत्येकी एक पट्टा द्यायचा म्हटले तर किती लांबीचे सुवर्णओढे लागतील? उत्तर येते ४,५७२ किलोमीटर! काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या अंतराहूनही अधिक. खरोखर श्रीमंत ओढ्यांची सगळी लांबी मिळून काही दशक किलोमीटर होती. हे गणित सातवीचा विद्यार्थी सोडवू शकेल. पण ते मांडायला लागणारे आकडे सिअ‍ॅटलच्या धक्क्यावर कोणाजवळ नव्हते. आणि असते, तरी सामान विकणाऱ्या दुकानदारांनी ते कोणाला सांगितले नसते.

एव्हरेस्ट, पाठीवर ओझे घेऊन

सर्वांत जवळची वाट अशी होती: बोटीने अलास्कातील डायई किंवा स्कॅग्वे या गावी उतरायचे, पर्वत ओलांडून बेनेट सरोवर गाठायचे, आणि तेथून होडीने सुमारे नऊशे किलोमीटर खाली डॉसन गावी जायचे. १८९७ च्या शरदात डॉसनला अन्नाची इतकी टंचाई झाली की, ज्यांच्यापाशी शिधा नाही त्यांना गाव सोडण्यास सांगावे लागले. तेव्हा कॅनडाच्या पोलिसांनी नियम केला की, वर्षभराचा शिधा जवळ असल्याशिवाय सरहद्द ओलांडू द्यायची नाही. नियम कडक होता, पण त्याने असंख्य प्राण वाचवले असे म्हटले पाहिजे. पीठ, घेवडा, डुकराचे खारवलेले मांस, तंबू, शेगडी, हत्यारे, खिळे असे सगळे मिळून माणशी सुमारे ९०० किलो सामान होई.

स्कॅग्वेच्या वाटेवर लोकांनी घोडे नेले. शहरांतून मिळतील तसली म्हातारी, लंगडी जनावरे, त्यांना हाकणारेही अनाडी. त्या एका घाटात तीन हजारांच्या आसपास घोडे मेले. वाटेला ‘मेल्या घोड्यांची वाट’ असेच नाव पडले. या सगळ्या धावपळीत जिचा काहीही संबंध नव्हता अशा मुक्या जनावरांचे हाल वाचताना मनाला अधिक लागते.

डायईहून जाणारी चिलकूट खिंडीची वाट जनावरांनाही अशक्य. तेथे शेवटची चढण जवळजवळ ३०० मीटर उंचीची होती आणि हिवाळ्यात तिच्यात बर्फाच्या सुमारे १,५०० पायऱ्या खोदलेल्या होत्या. एक माणूस एका खेपेस ३० किलो वाहतो असे धरा. ९०० किलोसाठी ३० खेपा. म्हणजे ४५,००० पायऱ्या, आणि चढलेली एकूण उंची ९,००० मीटर. एव्हरेस्टची समुद्रसपाटीपासूनची उंची ८,८४९ मीटर आहे! सबंध वाट ५३ किलोमीटर होती. वाहून न्यायचे असे एकेक किलोमीटर म्हणजे ३० वेळा जायचे आणि २९ वेळा परतायचे, मिळून ५९ किलोमीटरची पायपीट. सपाटीवर बर्फगाडी ओढता येई म्हणून हा आकडा काहीसा कमी होई, आणि पैसेवाले लोक ट्लिंगिट जमातीचे हमाल लावीत. बाकीच्यांना मुंगीसारखे एकामागोमाग एक चढावे लागे. रांगेतून दम खायला बाजूला झाला की पुन्हा आत शिरायला तासन् तास वाट पाहायची. ३ एप्रिल १८९८ रोजी याच वाटेवर हिमकडा कोसळून साठांहून अधिक माणसे गाडली गेली. रस्ता मोकळा होताच रांग पुन्हा सुरू झाली.

सरोवराकाठी होड्या बांधायच्या. त्यासाठी झाडे तोडून फळ्या पाडायच्या. लांब करवतीचे एक टोक वर उभ्या असलेल्या माणसाकडे, दुसरे खाली खड्ड्यात उभ्या असलेल्याकडे. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जाई आणि प्रत्येकाला वाटे की दुसरा जोर लावीत नाही. लहानपणापासूनचे दोस्त येथे हाडवैरी झाले. भागीदारी मोडताना होडीचे, तंबूचेच नव्हे तर तव्याचेही दोन तुकडे केल्याचे किस्से सांगतात. २९ मे १८९८ रोजी बर्फ फुटले आणि सात हजारांहून अधिक होड्या प्रवाहाला लागल्या. पुढच्या घळीत आणि खळाळांत पहिल्या काही दिवसांतच शेदीडशे होड्या फुटल्या. वर्षभराची शिदोरी क्षणात पाण्यात!

तोंडातले दात हलू लागतात

थंडी आणि श्रम यांच्याइतकाच आणखी एक शत्रू होता, आणि तो शिध्याच्या पोत्यांतच लपला होता. पीठ, घेवडा आणि खारवलेले मांस यांनी पोट भरते. पण त्यांत ‘क’ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. माणसाचे शरीर ते तयार करू शकत नाही. ते काही महिने मिळाले नाही की पेशींना बांधून ठेवणारे कोलॅजेन हे प्रथिन नीट बनत नाही. मग हिरड्या सुजून त्यांतून रक्त येते, दात हलतात, पाय काळेनिळे पडतात, जुन्या भरलेल्या जखमासुद्धा पुन्हा उकलतात. हा स्कर्व्ही रोग. जॅक लंडन हा पुढे प्रसिद्ध झालेला लेखक १८९७ मध्ये एकविसाव्या वर्षी क्लोंडाइकला गेला तो याच रोगाने बेजार होऊन दुसऱ्या वर्षी परतला. सोने त्याला जवळपास मिळालेच नाही.

नवलाची गोष्ट ही की, स्कर्व्हीवर लिंबू-संत्र्याचा उपयोग होतो हे जेम्स लिंड या डॉक्टरने १७४७ मध्येच प्रयोगाने दाखवले होते. ताजी फळे मिळाली नाहीत तरी त्या भागात सूचिपर्णी वृक्षांची रेलचेल होती. त्यांच्या पानांचा काढा हा उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांना माहीत असलेला उपाय. १५३६ च्या हिवाळ्यात त्यांनी जाक कार्त्ये या फ्रेंच दर्यावर्दीच्या खलाशांना असाच एका झाडाचा काढा देऊन वाचवले होते. तरीही साडेतीनशे वर्षांनी, औषधाच्या झाडाखाली तंबू ठोकून माणसे स्कर्व्हीने मरत होती.

टंचाईची बातमी ऐकून अमेरिकेच्या सरकारने नॉर्वेहून ५३९ रेनडियर विकत घेऊन मदतीला धाडले. ते क्लोंडाइकच्या भागात पोहोचले जानेवारी १८९९ मध्ये. तोवर टंचाई केव्हाच सरली होती आणि रेनडियर उरले होते ११४.

डॉसनच्या रस्त्यावर

१८९६ मध्ये जेथे दलदल होती त्या डॉसनला १८९८ च्या उन्हाळ्यात सुमारे तीस हजारांची वस्ती झाली. दूषित पाण्यामुळे विषमज्वराची साथ पसरली. ज्या हान जमातीची ही मासेमारीची भूमी, तिला नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइड येथे जाऊन राहावे लागले.

नव्याने आलेल्यांना चौकशी करताच कळले की सगळे ओढे वाटले गेले आहेत. आता खणायचे तर दूरच्या, अनोळखी ओढ्यावर. तेथली जमीन बारा महिने गोठलेली, दगडासारखी कठीण. रात्रभर जाळ घालायचा, सकाळी वितळलेली फूटभर माती काढायची, पुन्हा जाळ. कातळ लागेपर्यंत दहा मीटर खणायचे असेल तर महिनाभराहून अधिक वेळ आणि डोंगराएवढे सरपण. आणि तो अरुंद पट्टा चार मीटर बाजूला असेल, तर हाती काही नाही. उजवीकडे खणायचे की डावीकडे, हे सांगणारे काहीही वर दिसत नसे.

पुष्कळांनी मजुरी धरली. दुसऱ्याचे सोने खणले. पण याहून विचित्र गोष्ट अशी की, कित्येक जण खाणीकडे फिरकलेही नाहीत. वर्षभर ‘डॉसन गाठायचे’ एवढे एकच ध्येय त्यांच्यापुढे होते. ते गाठल्यावर ते चिखलाच्या रस्त्यावरून दिवसचे दिवस नुसते येरझाऱ्या घालीत, आणि मग जीव टाकून वाहून आणलेला शिधा विकून परतीचे तिकीट काढीत. अलास्काच्या नोम गावच्या किनाऱ्यावर सोने सापडल्याची बातमी आली तेव्हा, ऑगस्ट १८९९ मध्ये, एका आठवड्यात आठ हजार माणसे डॉसन सोडून गेली. उरलेल्या जमिनी पुढे कंपन्यांनी घेतल्या आणि प्रचंड उपसायंत्रांनी तेच ओढे उलथेपालथे केले. त्यांतील एक यंत्र १९५९ पर्यंत चालू होते. आज ते तेथेच पाहायला ठेवले आहे.

रॉबर्ट हेंडरसनची गोष्ट मात्र या सर्वांहून वेगळी. हा काही उशिरा आलेला नव्हता. १८९६ च्या उन्हाळ्यात तो त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला एका ओढ्यात काम करीत होता, आणि या भागात सोने आहे हे कार्मॅकला सांगणारा तोच. पण सांगताना तो असेही बोलला की, जिम आणि चार्ली यांच्यासारख्या इंडियन लोकांना आपल्या ओढ्यावर जागा घेऊ देणार नाही. त्या दोघांनी तंबाखू मागितली, तीही त्याने दिली नाही. बोनान्झावर घबाड सापडले तेव्हा कार्मॅकने डोंगरापलीकडे निरोप धाडला नाही. हेंडरसनला बातमी कळली तोवर सगळ्या जागा गेल्या होत्या. कॅनडा सरकारने पुढे शोधाचे काही श्रेय देऊन त्याला महिना दोनशे डॉलरचे निवृत्तिवेतन बांधून दिले. ते घेत घेत तो १९३३ मध्ये मरेपर्यंत सोने शोधत राहिला.